तेविसावं नळकांडं

१

मंगळवारी सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना पाणीपुरवठा कार्यालयातल्या नकाशाताईंनी संगणक सुरू केला, आणि तीन वर्षांचं काम जागेवर नव्हतं.

त्या ओरडल्या नाहीत. जिना उतरून तळमजल्यावरच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, जरा वर येता का? बहुतेक माझंच काहीतरी चुकतंय."

मिस्त्री म्हणजे त्या कार्यालयातले अठरा संगणक, चार प्रिंटर आणि सगळ्यांच्या तक्रारी सांभाळणारा माणूस. खिशात कायम स्क्रूड्रायव्हर म्हणून कुणीतरी कधीतरी मिस्त्री म्हणालं आणि तेच चिकटलं. वय बावन्न. हल्ली त्यांना सकाळी उठल्या उठल्याच दमायला व्हायचं. जिन्याच्या अठ्ठावीस पायऱ्या ते मोजत चढले, कारण मोजलं की निदान शेवट कुठे आहे ते कळतं.

शहराच्या पोटातून पाण्याचे नळ कुठून कुठे गेलेत याचा एकच मोठा नकाशा ताई तीन वर्षं काढत होत्या. तेवीस प्रभागांचे जुने, बुरशीने खाल्लेले कागद पुठ्ठ्याच्या तेवीस नळकांड्यांतून यायचे. एका प्रभागाच्या कागदांची चित्रं संगणकात घेतली की ते कागद साहेबांच्या हुकमाने लगद्याला जायचे आणि रिकामं नळकांडं भिंतीवरच्या मांडणीत जाऊन बसायचं. आता तेवीसच्या तेवीस तिथे होती, प्रत्येकावर आकडा आणि आकड्याच्या आधी लाल पेनाचं टिंब. कागद मात्र एकही उरलेला नव्हता. जे काही होतं ते त्या एका फाइलीत होतं. गुरुवारी अकरा वाजता नकाशा वरच्या कार्यालयाला द्यायचा होता आणि शुक्रवारी ताई निवृत्त होणार होत्या.

मिस्त्रींनी पडद्यावरची कचऱ्याची टोपली उघडली. तिच्यात दोन जुनी पत्रं होती. अलीकडच्या फाइलींच्या यादीत 'शहर-नकाशा' हे नाव होतं, पण त्यावर क्लिक केलं की फाइल सापडत नाही असं उत्तर यायचं. शोधायच्या चौकटीत नाव घातलं, तिथेही शून्य.

"काल साडेपाचला संपवलं मी," ताई म्हणाल्या. "तेविसावा प्रभाग पुरा केला, मशीन बंद केलं, पाणी प्यायले आणि घरी गेले." मग त्या थांबल्या. "माझी आई याच वयात गॅस बंद केला की नाही ते दहादा विचारायची. पुढे माझं नाव विचारायला लागली."

मिस्त्रींनी शोधायच्या चौकटीत तेच नाव पुन्हा घातलं.

"मी संपवलं होतं ना हो?" ताईंनी विचारलं.

२

साहेबांच्या मते प्रश्न सोपा होता.

"फाइल हरवलेली नाही," ते म्हणाले. "फाइल पुरी झालेलीच नव्हती. मुदत आली, बाई घाबरल्या, असेल नसेल ते उडवून टाकलं. मी वाईट बोलत नाहीये. या वयात होतं माणसाचं."

"ताई तशा नाहीत, साहेब."

"मग कशा आहेत ते उद्या चारपर्यंत मला दाखवा. नाहीतर काम झालेलंच नाही असं मला वर लिहावं लागेल. बोभाटा नको म्हणून तुम्हाला सांगतोय." साहेबांनी आवाज उतरवला. "आणि ते आपलं सोंग... त्याचा याच्याशी काही संबंध नाही ना?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. विचार न करता म्हणाले.

ते सोंग कोणतं, हे साहेब आणि मिस्त्री या दोघांनाच ठाऊक होतं. आठ महिन्यांपूर्वी कार्यालयातल्या संगणकांवरच्या जुन्या प्रणालीची मुदत संपली. नवी आवृत्ती या म्हाताऱ्या मशीनांना झेपेना, आणि नवी मशीनं काही मिळेनात. मिस्त्रींनी लिनक्स ही फुकट मिळणारी, हलकी प्रणाली घालायचं सुचवलं. पण नकाशाताई आधीच म्हणून चुकल्या होत्या, "मिस्त्री, आता या वयात मला नवीन घर लावायला सांगू नका."

तेव्हा मिस्त्रींनी सहा रविवार खर्ची घालून लिनक्सला जुन्या प्रणालीचे कपडे चढवले. डाव्या कोपऱ्यात तेच बटण, तीच निळी पट्टी, तीच टोपली, उजवीकडे तसंच घड्याळ, सुरू होतानाचा तोच आवाज. खिडकी बंद करायच्या फुलीचा लाल रंग जुळेना, तर एक अख्खी दुपार त्यांनी त्या लालपायी घालवली. मग कार्यालयात सांगितलं, मशीनं साफ केली. आठ महिन्यांत कुणालाही संशय आला नाही. आयुष्यात एवढं सफाईचं काम त्यांच्या हातून दुसरं झालं नव्हतं, आणि ते कुणाला दाखवायचीही सोय नव्हती.

साहेबांच्या खोलीतून ते निघाले तेव्हा व्हरांड्यात इंजिनिअर मॅडम त्यांची वाट बघत उभ्या होत्या.

"मला काहीतरी सांगायचंय," मॅडम म्हणाल्या. "काल संध्याकाळी मी ताईंच्या मशीनला हात लावला होता."

३

मॅडमवर संशय घ्यायला जागा होती. हा नकाशा जुन्या कागदांवरून काढण्यापेक्षा बाहेरच्या माणसांकडून नव्याने मोजणी करून घ्यावी, असं त्यांनी दोन बैठकांत भांडून सांगितलं होतं. ताई आणि त्या आठवडाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या.

"माझं मशीन मोठ्या प्रिंटरला जोडलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "ताई गेल्यावर, पाच-चाळीसला मी त्यांच्या खोलीत गेले. मशीन सुरू केलं, माझं पत्र छापलं, पुन्हा बंद केलं. दहा मिनिटं लागली."

"खोलीत आणखी कुणी आलं?"

"चावीवाले काका. नळ फिरवायच्या चाव्या भिंतीवर अडकवल्या आणि गेले. ते मशीनच्या जवळही येत नाहीत, धक्का बसेल म्हणतात."

"नकाशाची फाइल तुम्ही उघडलीत?"

"उघडणार होते. खोटं कशाला बोलू. ताईंनी मुख्य नळ कसा दाखवलाय ते मला बघायचं होतं. पण मिस्त्री, फाइल नव्हतीच. पाच-चाळीसलाच नव्हती. मला वाटलं, माझ्यापासून लपवून ठेवली असेल."

मिस्त्री तिथेच बाकावर टेकले. मॅडम खोटं बोलत असतील तर हात त्यांचा. पण लपवायचंच असतं तर मशीनला हात लावल्याचं त्या आपणहून सांगायला आल्या नसत्या. आणि खरं बोलत असतील, तर ताई साडेपाचला उठल्या आणि मॅडम पाच-चाळीसला बसल्या, मध्ये दहा मिनिटं. तेवढ्यात खोलीत दुसरं कुणी आलं नव्हतं, कारण ताई दाराची चावी पहारेकऱ्याकडे देऊन गेल्या होत्या आणि ती मॅडमनीच पहिल्यांदा मागून घेतली होती.

म्हणजे फाइल नाहीशी केली ती ताईंनीच. साहेब म्हणत होते तसंच.

४

दुपारभर मिस्त्री ताईंच्या मशीनसमोर बसून होते. पुसलेल्या फाइली परत मिळवण्याचा एक प्रोग्राम त्यांच्याकडे होता, तो चालवला. चार महिन्यांपूर्वी पुसलेलं वाढदिवसाचं एक पत्रसुद्धा वर आलं. नकाशा आला नाही.

मग बॅकअप पाहिला. रोज मशीन बंद करताना ताईंची कामं आपोआप दुसऱ्या डिस्कवर उतरायची. इथे जे असेल ते तिथे, इथलं गेलं की तिथलंही गेलं. तिथेही नकाशा नव्हता. सोमवारी मशीन बंद व्हायच्या आत फाइल गेली, एवढंच त्यातून पक्कं झालं.

ताई मागे खुर्चीवर बसून होत्या. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं आणि करायला काही उरलं नव्हतं. मांडणीवरची नळकांडी काढून त्या पुन्हा पुन्हा आत डोळा लावून बघत होत्या, एखादा कागद राहिलाय का.

साडेपाच वाजले. सामान आवरताना मिस्त्रींची नजर मशीनच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर गेली. दर सोमवारी सकाळी प्रत्येक मशीनमध्ये किती जागा मोकळी आहे ते लिहून ते चिकटवत असत. कुणी वाचत नसे. चिठ्ठीवर होतं, एक्केचाळीस जीबी.

नकाशाची फाइल होती एकोणीस जीबीची, जुन्या कागदांच्या सगळ्या चित्रांसकट. ती पुसली गेली असती तर आज साठ जीबी मोकळी दिसायला हवी होती. मिस्त्रींनी मोजून बघितलं.

एक्केचाळीस.

कपाट रिकामं केलं म्हणतात आणि कपाट तेवढंच भरलेलं. नकाशा पुसलेला नव्हता, कुणी नेलेलाही नव्हता. तो या मशीनमध्ये, त्यांच्या नाकासमोर होता.

पहारेकऱ्याने खालून किल्ल्या वाजवल्या. सहाला इमारत बंद व्हायची.

घरी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. बायको शिवणकाम करायची. बोलताना तिचे हात कामात असले की शब्द धारदार येत, आणि ती एक बाही उसवत होती.

"बिचारीला तुम्ही सांगितलंही नाही की मशीन बदललंय?" ती म्हणाली.

"सांगून काय मिळालं असतं? उगाच घाबरल्या असत्या. त्यांच्या सोयीसाठीच केलं ना."

"आईंचा रेडिओ आठवतोय? खोका तोच ठेवलात आणि आतलं सगळं बदललंत. तेही त्यांच्या सोयीसाठीच."

"त्याचा इथे काय संबंध?"

"आई शेवटपर्यंत म्हणायच्या, आवाज वेगळा येतो. आणि तुम्ही म्हणायचात, आई, तुझे कान गेलेत." तिने दोरा तोडला. "पुढे पुढे त्या दार वाजलं तरी उठेनात. म्हणायच्या, माझ्या कानांचं काय खरं."

मिस्त्रींनी ताटात हात धुतले. भात तसाच राहिला होता.

५

बुधवारी सकाळी चावीवाले काका कार्यालयाच्या पायरीवर गुडघे चोळत बसले होते. शहरातल्या नळांवर पाणी सोडायच्या-बंद करायच्या एकशे चौदा चाव्या कुठे आहेत आणि कोणती किती आटे फिरवायची, हे सगळ्या शहरात फक्त त्यांच्या डोक्यात होतं. नकाशा झाला की ते सगळ्यांना दिसणार होतं.

मिस्त्री त्यांच्याशेजारी बसले. "काका, सरळच विचारतो. नकाशा हरवला तर तुमचं बरंच आहे की."

काका हसले. "माझं? अहो, एकशे चौदा चाव्या उशाला घेऊन झोपतो मी. बायको म्हणते, झोपेतसुद्धा हात गरगर फिरवता. नकाशा झाला की हे ओझं दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालीन आणि गुडघ्यांचं काहीतरी बघीन. सोमवारी काम पुरं झालेलं पाहिलं तेव्हा घरी गोडधोड नेलं मी."

"पुरं झालेलं पाहिलंत? कुठे? मशीनवर?"

"छे. मशीनच्या वाटेला कोण जातो. तेविसाव्या नळकांड्यावर टिंब पाहिलं."

"कसलं टिंब?"

"एवढी वर्षं इथे आहात आणि ठाऊक नाही?" काकांना खरंच नवल वाटलं. "ताईंची पद्धत आहे. रजिस्टरं होती तेव्हापासूनची. अर्धवट कामावर टिंब नाही. काम पुरं झालं, पुन्हा बघायची गरज उरली नाही, की नावाच्या आधी टिंब. आम्ही बाकीचे सह्या करायचो, त्या टिंब द्यायच्या."

मिस्त्रींचा हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरवर होता, तो तिथेच थांबला. "संगणकावरही देतात?"

"देतात तर. मागे धरणाचा नकाशा संपला तेव्हा मला हाक मारून दाखवलं होतं. टिंब दिलं की ते नाव टुणकन उडी मारून यादीत सगळ्यांच्या वर जाऊन बसतं. चार वर्षं झाली असतील."

चार वर्षांपूर्वी. म्हणजे जुन्या प्रणालीवर. त्यानंतर ताईंनी मोठं काम एकच घेतलं होतं, आणि ते परवा संपलं.

"काय झालं हो?" काकांनी विचारलं. "तुमचा चेहरा का उतरला?"

"चोर सापडला," मिस्त्री म्हणाले.

६

लिनक्समध्ये ज्या फाइलीचं नाव टिंबाने सुरू होतं ती यादीतून लपते. ही गोष्ट मिस्त्रींना पंधरा वर्षं माहीत होती. त्यांच्या सोंगाचं सगळं सामान, ती टोपली, तो लाल रंग, तो आवाज, त्यांनी अशाच टिंबाच्या नावांखाली तर दडवलं होतं. फाइलीला टिंब देताना ती दिसेनाशी होईल असा इशारा येतो, तोही त्यांनीच बंद केला होता, कारण जुन्या प्रणालीत तसा इशारा येत नसे. बॅकअपला टिंबवाल्या फाइली सोडून दे असंही त्यांनीच सांगून ठेवलं होतं. एवढं सगळं हाताने करून, काल दिवसभर त्या पडद्यासमोर बसून त्यांनी फाइल शोधली ती जुन्या प्रणालीत शोधावी तशी. सोंग इतकं हुबेहूब होतं की करणाराच त्याला फसला.

ताई अजून आल्या नव्हत्या. मिस्त्रींनी दोन बटणं एकदम दाबली आणि दडलेली नावं करड्या अक्षरांत वर आली. त्यांच्या सामानाच्या रांगेत एक नाव त्यांचं नव्हतं. '.शहर-नकाशा'. एकोणीस जीबी. सोमवार, पाच वाजून अठ्ठावीस मिनिटं.

टिंब पुसायला एक क्षण पुरला असता. फाइल जागेवर आली असती. ताईंना म्हणता आलं असतं, सापडली हो, जरा सरकली होती. साहेब खूश झाले असते, सोंग झाकलेलं राहिलं असतं. आणि ताई घरी जाऊन आपल्या डोक्याचं काय खरं म्हणत बसल्या असत्या, उरलेली सगळी वर्षं. मिस्त्रींनी बोट बटणावर ठेवलं आणि उचललं. नावं पुन्हा झाकून टाकली.

चार वाजता ताईंच्या खोलीत चौघं जमले. साहेब उभे, मॅडम दाराला टेकून, काका मशीनपासून लांब, आणि ताई आपल्या खुर्चीत. रडून झालेला चेहरा त्यांनी धुतलेला होता.

"ताई, एक फाइल करा," मिस्त्री म्हणाले. "नाव द्या, चाचणी. झाली? आता समजा, हे काम पुरं झालं. एरवी कराल तेच करा."

ताईंनी नावाच्या आधी टिंब दिलं. हाताने आपोआप दिलं. फाइल त्यांच्या डोळ्यांसमोर नाहीशी झाली.

"बघा," ताई अगदी हळू म्हणाल्या. "गेली. मीच घालवते."

"तुम्ही नाही, मी." मिस्त्रींनी दोन बटणं दाबली. करडी नावं वर आली, आणि त्यांत दोन ताईंची. त्यांनी टिंब काढलं, फाइल उघडली. तेवीसच्या तेवीस प्रभागांतून निळ्या रेघा फाकत गेल्या होत्या, शहराच्या शेवटच्या घरापर्यंत. मॅडम नकळत पुढे आल्या.

"चला, मिळाली," साहेब घाईने म्हणाले. "आता फार खोलात नको जायला."

"जायला हवं, साहेब." आणि मिस्त्रींनी सगळं सांगितलं. सहा रविवार, लाल फुली, बंद केलेला इशारा. "मॅडम खरं बोलत होत्या, पाच-चाळीसला फाइल दिसत नव्हती. मोकळी जागा तेवढीच होती, म्हणजे ती इथेच होती. आणि काका नसते तर कशाने लपली ते मला कळलंही नसतं. ताई, तुमच्या हातून चूक झालेली नाही. तुम्ही काम पुरं केलंत आणि पुरं झाल्याची खूण केलीत. घर बदलल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

"काल संध्याकाळी मी कागदावर घरातल्या सगळ्यांची नावं लिहून काढली," ताई म्हणाल्या. "जन्मतारखांसकट. आठवतात का बघायला. मग भाचीला फोन करून ताडून घेतल्या. ती विचारत होती, मावशी, बरी आहेस ना?"

"माझं चुकलं, ताई. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून..."

"झाला असता की त्रास. चार दिवस कुरकुर केली असती, तुमचं डोकं खाल्लं असतं. मग शिकले असते. तेवीस प्रभाग शिकले मी, मिस्त्री. मला जमणार नाही हे तुम्ही कुणाला विचारून ठरवलंत?"

मिस्त्रींनी आईलाही कधी विचारलं नव्हतं.

"हे वरचे कपडे काढा," ताई म्हणाल्या आणि खुर्ची थोडी बाजूला सरकवली. "खाली काय आहे ते बघू तरी द्या."

७

गुरुवारी नकाशा वेळेवर गेला. पोचवायला मॅडम स्वतः गेल्या आणि ताईंचं नाव पहिल्या पानावर आहे ना ते दोनदा बघून आल्या. शुक्रवारी निरोपाचं झालं, भाषणं झाली. साहेब बरंच चांगलं बोलले. ताई मिस्त्रींशी जेवढ्यास तेवढं बोलल्या आणि सव्वापाचला पाणी पिऊन घरी गेल्या.

मिस्त्री मशीन बंद करायला वर गेले. पडदा आता उघडा, साधा करडा होता, आणि टोपली भलत्याच कोपऱ्यात. दोन दिवस ताईंनी खरंच डोकं खाल्लं होतं. हे इथे का, ते तिथे का, आणि याला काही अर्थ आहे का. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्यांनी विचारायचं बंद केलं होतं.

यादीत एकच फाइल होती, 'शहर-नकाशा'. टिंब होतं, पण आता नावाच्या शेवटी. तिथे दिलं तर काही लपत नाही, हे मिस्त्रींनी त्यांना सांगितलेलं नव्हतं. त्यांनी आपलं आपण करून बघितलं असणार.

घरी गेल्यावर त्यांनी माळ्यावरून आईचा रेडिओ काढला आणि पुसून टेबलावर ठेवला. बायको मशीनवर शिवत होती. तिने पाय थांबवला.

"आवाज वेगळाच होता," मिस्त्री म्हणाले. "तिचे कान चांगले होते."